पाळकाचा पगार: द्यावा का, कोणी द्यावा आणि किती?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांत शिकवणाऱ्या कॅथलिक फादर-सिस्टरांच्या पगारातून इतर शिक्षकांसारखाच टीडीएस, म्हणजे पगार हातात पडण्याआधीच होणारी आयकराची कपात, झाली पाहिजे असं न्यायालयानं सांगितलं आणि नव्वदहून अधिक अपिलं फेटाळली. फादर-सिस्टरांचं म्हणणं होतं की आम्ही दारिद्र्याचं व्रत घेतलेलं आहे, पगार आमच्याजवळ राहतच नाही, तो आमच्या धर्मसंघाकडे जातो. १९४४ सालच्या एका सरकारी परिपत्रकाच्या आधारावर त्यांना बरीच वर्षं सूट मिळतही आली होती. न्यायालयानं म्हटलं, पगार शिक्षक म्हणून त्या व्यक्तीला मिळतो; मिळाल्यावर ती तो कोणाला देते, ही पुढची गोष्ट.

हा खटला शाळेतल्या पगाराचा होता. चर्चमध्ये उपासना चालवणाऱ्या पाळकाच्या पगाराशी त्याचा थेट संबंध नव्हता. पण बातमी मोबाइलवर फिरत फिरत सोलापुरात पोहोचेपर्यंत ‘धर्मगुरूंच्या पगारावर कर’ एवढीच उरली, आणि त्यातून जुना वाद पुन्हा वर आला: देवाच्या सेवेला पगार कसला? ख्रिस्ती नसलेल्या मित्रांनाही याचं कुतूहल असतं. पाळक म्हणजे नोकरी का? त्यांना पैसे सरकार देतं, परदेशातून येतात, की लोक देतात?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पाळकाला पगार द्यावा, तो त्याच्या मंडळीनं, म्हणजे त्याच्या चर्चच्या सभासदांनी, द्यावा आणि उघडपणे द्यावा. कारणं सांगण्याआधी पैसा कसा फिरतो हे बघू.

## पैसा कुठून येतो

महाराष्ट्रात सरकार पाळकाला पगार देतं, ही समजूत पहिल्यांदा डोक्यातून काढून टाकावी. बाकी मुख्यतः तीन पद्धती दिसतात.

पहिली जुन्या मिशनच्या चर्चची. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८६०च्या दशकात सुरू झालं. त्या परंपरेतल्या मंडळ्या पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, या संयुक्त चर्चमध्ये आल्या. त्याची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. इथे साधारण रीत अशी की सभासद दर महिन्याला वर्गणी किंवा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देतात, रविवारी थैली फिरते, हंगामाच्या सणाला आणलेल्या धान्या-भाज्यांचा लिलाव होतो. यातून प्रत्येक मंडळी ठरलेला हिस्सा धर्मप्रांताकडे पाठवते, आणि त्या सामाईक निधीतून पाळकांना वेतनश्रेणीप्रमाणे पगार मिळतो. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा भाग. पाळकाची बदली होते, राहायला चर्चचं घर मिळतं.

दुसरी कॅथलिक पद्धत. धर्मसंघात राहणारे फादर-सिस्टर दारिद्र्याचं व्रत घेतात. धर्मप्रांताचे फादर ते व्रत घेत नाहीत. त्यांना चर्चच्या घरात राहणं-जेवण आणि मासिक भत्ता असतो. लग्न नाही, मुलंबाळं नाहीत, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा बसतो.

तिसरी स्वतंत्र मंडळ्यांची. भाड्याच्या हॉलमध्ये, कुणाच्या गच्चीवर पत्र्याखाली, मराठी, तेलुगू, कन्नड अशा भाषांत चालणाऱ्या. इथे अनेकदा ठरलेला पगार नसतो. रविवारी जे अर्पण येईल त्यात हॉलचं भाडं, माइकचं बिल आणि पाळकाचं घर. ‘विश्वासावर सेवा’ असं याला म्हणतात. कुठे कुठे अर्पण आणि पाळकाचा खिसा यांच्यामध्ये भिंतच नसते, आणि लोकांच्या मनातला बहुतेक संशय इथून उगवतो.

## शास्त्रात काय व्यवस्था आहे

बायबलच्या जुन्या करारात इस्राएलातला लेवी नावाचा वंश मंदिराच्या सेवेला लावला होता. बाकीच्या वंशांना जमीन मिळाली, लेव्यांना वाटा मिळाला नाही. त्याऐवजी सगळ्यांच्या उत्पन्नाचा दशांश त्यांच्या उपजीविकेसाठी ठरला (गणना, अध्याय १८). त्याच अध्यायात पुढे एक नियम आहे, तो फार कमी वेळा वाचून दाखवला जातो: लेव्यांनीही मिळालेल्या दशांशाचा दशांश द्यायचा. घेणाराही देण्यातून सुटलेला नाही.

यातलं गणित सोपं आहे. दहा घरांनी दहावा भाग दिला की त्या दहा घरांच्या सरासरीइतकं एक घर चालतं. सेवकाचं राहणीमान लोकांच्या राहणीमानाला बांधलेलं असावं, हे त्या गणितातच आहे. त्यांच्यापेक्षा श्रीमंत नाही, त्यांच्यापेक्षा भिकारीही नाही.

नव्या करारात प्रेषित पौलानं ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय जवळजवळ याच प्रश्नावर आहे. स्वतःच्या खर्चानं शिपाईगिरी कोण करतो? द्राक्षमळा लावून त्याचं फळ कोण खात नाही? मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नये, हा मोशेच्या नियमशास्त्रातला नियम तो इथे लावतो. आणि शेवटी म्हणतो की जे सुवार्ता सांगतात त्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, असं प्रभूनंच ठरवून दिलं आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही बैलाचा तोच नियम आहे, आणि त्याला लागूनच कामकऱ्याच्या मजुरीची गोष्ट आहे.

## “पण ‘फुकट द्या’ असं येशूनंच सांगितलंय ना?”

हा सगळ्यात पहिला आक्षेप. मत्तयाच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायाच्या आठव्या वचनात येशू शिष्यांना पाठवताना म्हणतो, ‘तुम्हाला फुकट मिळाले, फुकट द्या.’ रोग्यांना बरं करा, पैसे घेऊ नका.

फक्त दोन वचनं पुढे जा. पैशांची थैली घेऊ नका, दुसरा अंगरखा घेऊ नका, कारण कामकऱ्याचं पोषण व्हायलाच पाहिजे, असं दहाव्या वचनात आहे. एकाच दमात सांगितलेल्या या दोन गोष्टी आहेत. प्रार्थना विकायची नाही, आणि प्रार्थना करणाऱ्याला उपाशी ठेवायचं नाही. ज्या घरात उतराल तिथे जे समोर येईल ते खा, हे लूकच्या दहाव्या अध्यायात आणखी स्पष्ट आहे.

पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेली ‘दिदाखे’ नावाची एक छोटी नियमावली आहे. त्या काळी गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांना कसं ओळखायचं, ते तिच्यात सांगितलंय. तीन दिवस मुक्काम ठोकून बसला तर तो खोटा. जाताना पैसे मागितले तर खोटा. पण खरा संदेष्टा तुमच्यात कायमचा राहायला आला, तर तो त्याच्या अन्नाला पात्र आहे. म्हणजे इतक्या आरंभीच्या काळात लोकांना लबाड माणसाचा त्रासही माहीत होता आणि खऱ्या माणसाची गरजही.

## “पौल तंबू शिवून पोट भरायचा, मग आजच्या पाळकाला काय झालं?”

हा आक्षेप वजनदार आहे आणि प्रामाणिक माणसंच तो जास्त घेतात. प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय: करिंथमध्ये पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर तंबू करण्याचं काम करू लागला. इफिसच्या वडीलवर्गाला निरोप देताना तो हात दाखवून म्हणतो की माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा या हातांनी भागवल्या.

पण पौलानं हे का केलं तेही त्यानंच लिहून ठेवलंय: सुवार्तेला अडथळा होऊ नये म्हणून. करिंथमध्ये पैसे घेऊन भाषणं देणारे वक्ते फिरत असत. श्रीमंत माणसानं एखाद्याला आश्रय द्यायचा आणि मग तो वक्ता त्याचा माणूस म्हणून ओळखला जायचा. पौलाला तसा कोणाचा माणूस व्हायचं नव्हतं, असं अभ्यासक मानतात. म्हणून नवव्या अध्यायात तो आधी हक्क शाबीत करतो, पुरावे देतो आणि मग म्हणतो की मी तो वापरला नाही. हक्कच नसता तर सोडायचं काय होतं?

आणि पौलानं कोणाकडून काहीच घेतलं नाही, हेही खरं नाही. फिलिप्पैच्या मंडळीनं त्याला एकाहून अधिक वेळा मदत पाठवली आणि त्यानं ती आनंदानं घेतली. करिंथकरांना तर तो दुसऱ्या पत्रात सुनावतो: तुमची सेवा करता यावी म्हणून मी दुसऱ्या मंडळ्यांकडून वेतन घेतलं, त्यांना जणू लुटलं. करिंथमधलं ‘फुकट’ काम फिलिप्पैसारख्या लांबच्या मंडळ्यांच्या पैशांवरही चाललं होतं.

मला इथे एकच गोष्ट जीव तोडून सांगायची आहे. हक्क सोडणं हा पौलाचा निर्णय होता. करिंथच्या मंडळीनं सभा भरवून ‘पौलाला काही द्यायचं नाही’ असा ठराव केला नव्हता. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ज्यांनी द्यायचं तेच पौलाचं नाव घेऊन हात आखडतात.

## तुकोबांची अट

सोलापूर जिल्ह्यात राहून या विषयावर बोलायचं आणि पंढरीच्या वाटेवरचा आवाज ऐकायचा नाही, हे जमणार नाही. तुकोबांचा एक अभंग वारकऱ्यांच्या तोंडी आहे: जिथे कीर्तन करावं तिथे अन्न घेऊ नये, कपाळी बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये. घोड्या-बैलाला दाणावैरणसुद्धा मागू नये. आणि शेवट असा कडक की द्रव्य घेणारे आणि देणारे, दोघेही नरकात जातात.

पौल बैलाचा दाखला देऊन म्हणतो की खाऊ द्या, आणि तुकोबा म्हणतात की बैलाला वैरणही मागू नका. वरवर पाहता दोघं समोरासमोर उभे आहेत. मला तसं वाटत नाही. तुकोबांचा रोख कीर्तनाच्या बदल्यात घेतलेल्या पैशावर आहे. एक कीर्तन, एक बिदागी. त्या सौद्याला ते नाही म्हणतात, आणि ‘फुकट द्या’ हे वचनही त्याच सौद्याला नाही म्हणतं. कीर्तनकार रात्री कीर्तन करून आपल्या घरी, आपल्या शेतावर परत जातो. पाळकाकडून मंडळी जे मागते ते एका रात्रीचं काम नसतं. रविवारची उपासना आणि उपदेश, शब्बाथ शाळा, आठवड्यात घरोघरच्या प्रार्थना, दृढीकरणाचे वर्ग, सिव्हिलमध्ये दाखल असलेल्यांच्या भेटी, मे महिन्याच्या उन्हात कब्रस्तानातला दफनविधी, नवरा-बायकोची भांडणं मिटवणं, १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्नाची नोंदवही ठेवणं. रात्री दोन वाजता फोन आला तरी उठून जायचं. त्याआधी बी.डी. ही धर्मशिक्षणाची पदवी घ्यायची तर त्यासाठीच चार-पाच वर्षं जातात.

म्हणून तुकोबांची अट मी पूर्ण मानतो. प्रार्थनेचे, बाप्तिस्म्याचे, दफनाचे पैसे नकोत. आणि ती अट पाळायची असेल, तर पाळकाचं घर दुसऱ्या कुठल्या तरी सरळ मार्गानं चाललं पाहिजे.

## “पगार आला की धंदा आला”

विडी कारखान्यात काम करणाऱ्या बायका आपल्या शहरात हजारोंनी आहेत. त्यांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. जितक्या वळल्या तितके पैसे, खराब म्हणून बाजूला काढल्या त्यांचे नाहीत. आजारपणात हात थांबला की मजुरी थांबली. पाळकाला बांधलेला पगार नसला की त्याची सेवा नकळत या नगावर जाते. लग्न लावलं, पाकीट. घराची प्रतिष्ठा केली, पाकीट. वाढदिवसाची प्रार्थना, पाकीट. मग ज्या घरात पाकीट जाड मिळतं तिथे पाय आपोआप वळतात, आणि म्हाताऱ्या विधवेच्या घरची प्रार्थना पुढच्या आठवड्यावर जाते. यात पाळक वाईट असायची गरज नाही. त्याच्या मुलाची फी भरायची तारीख जवळ आलेली असली की पुरे.

म्हणजे धंदा होण्याची भीती खरी आहे, पण ती जास्त करून पगार नसण्यातून येते. महिन्याचा पगार मिळणाऱ्या पाळकाला विधवेच्या घरी आणि बंगल्यात सारखाच वेळ देता येतो, आणि तसा तो देत नसेल तर मंडळी त्याला विचारू शकते. कॅथलिक चर्चचा कायदा या बाबतीत शिकण्यासारखा आहे. मिस्सेसाठी, म्हणजे फादर चालवतात त्या उपासनेसाठी, लोक अर्पण देतात, पण व्यापाराचा नुसता भासही होता कामा नये असं त्यात लिहिलंय, आणि एका दिवशी फादरनं कितीही मिस्सा केल्या तरी नेहमीच्या दिवशी स्वतःसाठी एकाच मिस्सेचं अर्पण ठेवता येतं.

योहानाच्या दहाव्या अध्यायातला मोलकरी मेंढपाळ याच संदर्भात काढला जातो. लांडगा दिसताच तो पळतो. पण तो पळतो कारण मेंढरांची त्याला काळजी नसते, असं तिथेच लिहिलंय. पगार न घेता काळजी नसलेला माणूसही पळेल. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायातला राग तर स्वतःच चरबी खाणाऱ्या आणि मेंढरांना उपाशी ठेवणाऱ्या मेंढपाळांवर आहे. आज महागड्या गाड्यांतून फिरून ‘इतकं पेरा, इतकं कापा’ सांगणाऱ्यांना तो अध्याय लागू पडतो. त्यांचा बंदोबस्त ठरलेल्या, लिहिलेल्या, सगळ्यांना माहीत असलेल्या पगारानंच होईल. ‘पगार घेत नाही’ म्हणणाऱ्याच्या हातात अर्पणाची पेटी असेल, तर त्याच्या उत्पन्नाला वरची मर्यादाच नसते.

## “जो पगार देतो तो मालक होतो”

हा आक्षेप मला सगळ्यात खोल वाटतो, आणि मराठी ख्रिस्ती समाजानं त्याची किंमत मोजलेली आहे.

मिशनच्या काळात पाळकाचा, सुवार्तिकाचा, गावातल्या मास्तरांचा पगार मिशनकडून यायचा. पैसा अमेरिकेतल्या देणगीदारांचा, निर्णय मिशनऱ्यांचा. ही अडचण मिशनच्याही ध्यानात आली होती. अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इकडे पाहणीला आले. त्यांचं सूत्र होतं की देशी मंडळी स्वतःच्या पैशांवर उभी राहावी, स्वतःचा कारभार स्वतः करावा आणि स्वतः वाढावी. सूत्र छान, पण ख्रिस्ती झालेल्यांपैकी बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे, हाताला जमीन नाही, पोटाला पुरेसं नाही. ते पाळक कुठून पोसणार? त्यामुळे मिशनचा पगार चालू राहिला, आणि ‘पाळक मिशनचा नोकर’ ही भावनाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा सुरू केला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं मानणारा हा माणूस. ख्रिस्त इथल्या मातीत रुजवायचा तर मिशनच्या पगारपत्रकातून आपलं नाव निघालं पाहिजे, हे त्यांना पटलं होतं. मे १९१९ मध्ये ते गेले. दरबाराला पुरेसं आयुष्य मिळालं नाही. पण त्यांनी उभा केलेला प्रश्न आजही जिवंत आहे.

परदेशी पैशाचा प्रश्न आता कायद्यानंच वेगळ्या वळणावर नेलाय. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या शहरातल्या संस्थेनं परदेशातून पैसे आणायचे आणि तालुक्यातल्या छोट्या मंडळीपर्यंत पोहोचवायचे, हा रस्ता बंद झाला. ज्या मंडळ्यांनी स्वतःची वर्गणी कधी उभीच केली नव्हती, त्यांना हे फार जड गेलं.

पण मालक परदेशीच असतो असंही नाही. मंडळीतलं एखादं सधन घर एकटं पाळकाचा खर्च उचलतं, तेव्हा त्या घरातल्या अन्यायावर रविवारी उपदेश होत नाही. पंच कमिटीतल्या दोघा-तिघांच्या मर्जीवर पगार अवलंबून असेल तरी तेच.

पुढे अनाथाश्रमांसाठी प्रसिद्ध झालेले इंग्लंडमधले पाळक जॉर्ज म्यूलर यांना ब्रिस्टलला जाण्याआधी हेच खटकलं होतं. त्यांच्या चॅपलमध्ये बाकांचं भाडं घेत आणि त्यातून त्यांचा पगार निघे. भाडं जास्त देणारा चांगल्या जागी, गरीब मागे. १८३० मध्ये त्यांनी ती पद्धत आणि ठरलेला पगार दोन्ही सोडलं आणि चॅपलमध्ये पेटी ठेवली. त्यांचं उदाहरण देऊन पगाराला विरोध करणारे एक विसरतात. म्यूलर लोकांच्या अर्पणावरच जगले, आणि पुढे त्यांच्या संस्थेचा हिशेब ते वर्षानुवर्षं छापून लोकांसमोर ठेवत राहिले.

आपल्याच जिल्ह्यात पंढरपुरात काय झालं ते आठवा. विठ्ठल-रुक्मिणीच्या पायाशी येणाऱ्या उत्पन्नावर बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क होते. १९७३च्या कायद्यानं ते काढून घेतले, खटले चालत राहिले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांचा शेवट झाला. आता उत्पन्न मंदिर समितीकडे जमा होतं आणि सेवेतल्या माणसांना समिती पगार देते. देणारे अनेक, पैसा एका सामाईक खात्यात, सेवकाला ठरलेली रक्कम: मालकशाहीवर मला तरी याहून चांगला उपाय दिसत नाही. धर्मप्रांताच्या निधीतून पगार देण्यामागेही तोच विचार आहे, मात्र तिथे पगार महिनोन्‌महिने थकू नये हे पाहणं मंडळ्यांच्या हातात आहे. हिस्सा वेळेवर गेला नाही तर निधी भरणार कशातून?

## “आमची मंडळी गरीब आहे, द्यायचं कुठून?”

इथे थोडं गणित करू. समजा ६० घरांची मंडळी आहे आणि घराचं सरासरी उत्पन्न महिना १५,००० रुपये. सगळ्यांनी दशांश दिला तर महिन्याला ९०,००० जमतील. असं कुठे होत नाही, ते सोडा. प्रत्येक घरानं फक्त ५०० दिले तर ३०,००० होतात. त्यातून पाळकाला १८,००० देऊन दिवाबत्ती, डागडुजी आणि मदतनिधीला १२,००० उरतात. पण निम्म्याच घरांनी दिले आणि तेही ३०० रुपयेच, तर हातात ९,००० येतात. मग आपण म्हणतो, मंडळी गरीब आहे. मंडळी गरीब असते हे खरंच. पण दिलेल्या दिवशी आणि न दिलेल्या दिवशी ती सारखीच गरीब असते. फरक किती जणांनी उचललं याचा असतो.

तरीही खरोखर पंधरा-वीस घरांच्या मंडळ्या आहेत, रोजंदारीवरच्या. तिथे पाळकानं आठवड्यातले काही दिवस नोकरी करावी, रिक्षा चालवावी, शिकवण्या घ्याव्यात, यात कमीपणा काहीच नाही. पौलानं तेच केलं. फक्त मग अपेक्षाही त्या मापात हव्यात. दिवसभर दुकानात उभ्या राहिलेल्या माणसानं रोज संध्याकाळी तीन घरी प्रार्थनेला यावं, हा हट्ट धरू नये. ब्रदरन पंथाच्या मंडळ्या आणि क्वेकर पंथातले बरेच लोक पगारी पाळक ठेवतच नाहीत, हे उदाहरण दिलं जातं. ते चालतं, कारण तिथे काम बऱ्याच जणांत वाटलेलं असतं. आपल्याला पगार द्यायचा नाही आणि कामही वाटून घ्यायचं नाही, हे दोन्ही एकदम होणार नाही.

आणि कमी पगाराचा खरा भार कोण उचलतं, ते बघा. पाळकीणबाई, म्हणजे पाळकाची बायको. शब्बाथ शाळा त्यांनी घ्यायची, महिला मंडळ त्यांनी चालवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा चहा त्यांनी करायचा, आणि घरखर्च भागत नाही म्हणून शाळेत किंवा दवाखान्यात नोकरीही त्यांनीच करायची. मंडळीचं ‘फुकट’ त्यांच्या खात्यावर लिहिलेलं असतं, आणि त्याचा ठराव कुठल्याच सभेत होत नाही.

## कराचं काय?

पाळकाला मिळणारा पगार हे उत्पन्न आहे आणि आयकराचे नेहमीचे नियम त्याला लागू होतात. घाबरण्यासारखं फार नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत पगारासारखं १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न असलेल्याला कर भरावा लागत नाही, आणि आपले बहुतेक पाळक त्याच्या कितीतरी खाली आहेत.

‘प्रेमभेट’ म्हणून दिलं की हिशेब चुकतो, हा मात्र गैरसमज आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला ५०,००० रुपयांहून जास्त भेटी मिळाल्या तर त्या उत्पन्नात धरल्या जातात. वेदान्त शिकवणाऱ्या एका गृहस्थांना शिष्यानं दिलेली रक्कमसुद्धा त्यांच्या व्यवसायाचं उत्पन्न आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं पन्नासच्या दशकाच्या शेवटी ठरवलेलं आहे. पैसे किती निर्मळ मनानं दिले, हे कराचा कायदा बघत नाही.

उलट कागदावरच्या पगाराचे फायदे आहेत. बँकेत जमा होणारा पगार आणि त्याची पावती असेल तर घरासाठी कर्ज मिळतं, मुलांच्या शिक्षणासाठी मिळतं. आयुष्यभर चर्चच्या घरात राहिलेल्या पाळकाला निवृत्तीच्या दिवशी त्या घराची किल्ली परत द्यावी लागते. त्या दिवसाची तयारी पाकिटांतून होत नाही. छोट्या चर्चला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा बहुधा लागू होत नाही, म्हणून मंडळीनं स्वतःहून दर महिन्याला काही रक्कम पाळकाच्या नावानं निवृत्ती योजनेत टाकली पाहिजे. चर्च नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावाच लागतो. तोच हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखवायला काय हरकत आहे? पाळकाचा पगार किती, हे शेवटच्या बाकावर बसणाऱ्यालाही माहीत असावं.

## आणि पाळकालाच पगार नको असेल तर?

असे लोक आहेत. निवृत्तिवेतन मिळतं, किंवा मुलं कमावती आहेत, किंवा मनापासून पौलाच्या वाटेनं जायचंय. त्यांचा मान राखावा. पण पगाराची ओळ अंदाजपत्रकातून खोडू नये. रक्कम ठरवावी, दर महिन्याला त्यांच्या खात्यात जमा करावी, आणि त्यांनी ती दान म्हणून परत दिली तर रीतसर पावती फाडावी. कारण त्यांच्यानंतर येणारा पाळक तिशीतला असेल, त्याच्या कडेवर लेकरू असेल आणि निवृत्तिवेतन नसेल. ‘आधीचे साहेब तर काहीच घेत नव्हते’ हे वाक्य त्याला पहिल्याच सभेत ऐकावं लागू नये, एवढी सोय आजच्या कमिटीला आजच करून ठेवता येते.